कोवळ्या तोंडाला पहिलं बिट

मालक : वस्ताद, शिंगरू तीन वर्षांचं झालं. म्होरकीवर नीट चालतं, पाठीवर खोगीर सहन करतं. आता तोंडात बिट घालायचं म्हणताय, तर कोणतं घालायचं ते आधी ठरवू. घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बिनदातांची जागा असते. तिथलं हाड निमुळत्या कडेचं, त्यावर हिरडीचं पातळ आवरण, आणि बाकीची सगळी जागा जिभेनं व्यापलेली. आपण नेमकं तिथंच लोखंड ठेवतो. त्यातून अडीच ते साडेचार वर्षं या काळात त्याचे दुधाचे दात पडून नवे येत असतात, दाढांवरच्या दुधाच्या टोप्या सुटत असतात. म्हणजे आपण शिकवायला घेतो नेमकं त्याच काळात त्याचं तोंड हुळहुळं असतं. या तोंडात पहिल्यांदा जे जाईल त्याची आठवण ते सहजी विसरणार नाही. म्हणून मला दोन सांध्यांचं, मधे गुळगुळीत मणी असलेलं, जिभेला जागा देणारं बिट हवं. नाहीतर बिटच नको, नाकपट्टीवर चालणारा लगाम घालू.

वस्ताद : साहेब, तुम्ही दुकानापासून सुरुवात केलीत, मी हातापासून करतो. खुंटीला टांगलेलं बिट मऊही नसतं आणि जहालही नसतं. शिंगराला बिटाचा अर्थ उपजत कळत नाही. तोंडात दाब आला की ते डोकं वर फेकतं, तोंड वासतं, नाहीतर त्या दाबावरच रेलून पुढं सुटतं. दाब आला की मान सैल सोडायची, हे त्याला शिकवावं लागतं आणि ते शिक्षण बिटाच्या कितीतरी आधी सुरू होतं. म्होरकीच्या दोरीला जरा ताण द्यायचा, त्यानं मान वळवली रे वळवली की त्याच क्षणी दोरी ढिली. दाब गेला हेच त्याचं बक्षीस. लांब दोरीवर गोल फिरवताना नुसत्या आवाजावर थांबायला शिकवायचं, मग पाठीवर बसून मांडीनं आणि अंगाच्या तोलानं. हे ज्याला येतं त्याच्या तोंडात काय आहे याला फार महत्त्व उरत नाही. ज्याला येत नाही, त्याच्या तोंडातलं तुमचं महागडं बिटसुद्धा शेवटी ब्रेक म्हणूनच ओढलं जाणार.

मालक : सगळं हातावरच असेल, तर काटेरी लगामाला तुम्ही हात का लावत नाही? वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो अजून दिसतो. ओठांना आणि जिभेला टोचणारी टोकं असलेला. हलक्या हातात तोही चालायला हवा. पण ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांविषयीचे १९६५ चे केंद्रीय नियम आहेत, त्यांनी काटे, गाठी, टोकं असलेल्या बिटाला सरळ मनाई केली. हाकताना किंवा स्वारी करताना हात हलका ठेवा, एवढं लिहून ते थांबले नाहीत. का? हात चुकणार हे त्यांनी गृहीत धरलं. हात थकतो, घाबरतो, संतापतो. घोडं अचानक दचकलं की चांगल्या स्वाराचाही तोल जातो आणि तो राशीला लोंबकळतो. अवजार निवडायचं ते या क्षणासाठी. तुमचा हात उत्तम असताना कोणतंही बिट चालेल, हे मान्य. पण तो उत्तम नसेल तेव्हा शिंगराच्या तोंडात काय असावं, हा माझा प्रश्न आहे.

वस्ताद : हे पटलं. मग दोन कुंपणं घालू. हात कितीही चांगला असला तरी जे इजा करणार ते पहिल्या कुंपणाबाहेर. काटेरी, पिळाच्या तारेचं, धारदार कडेचं. दुसऱ्या कुंपणाबाहेर दांडीचं बिट. तोंडातल्या पट्टीच्या वर एक भाग आणि खाली तीन भाग दांडी असेल आणि हनुवटीखाली साखळी असेल, तर हातानं किलोभर ओढलं की साखळीवर साधारण तिप्पट आणि तोंडावर चौपट जोर पडतो. शिवाय जबडा, हनुवटी आणि माथा एकदमच आवळले जातात. तीन ठिकाणी दाब आला की कुणीकडं गेल्यावर सुटका, हे शिंगराला कळत नाही. शिकलेल्या घोड्याचं ते बिट आहे, शिकणाऱ्याचं नव्हे. आत उरलं ते साधं स्नॅफल, ज्याची कडी थेट राशीला जोडलेली. उजवी रास उजव्या बाजूला बोलते, डावी डाव्या बाजूला. पण या कुंपणाच्या आत एक सांधा की दोन, तांबं की स्टील, हा दुकानदाराचा धंदा आहे. मी आधी माप बघीन. ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत मोजायचं आणि दोन्हीकडं थोडीशी मोकळीक ठेवायची. दुकानात सहसा पाच इंची हातात देतात. अरुंद तोंडाच्या शिंगराला ते सैल होऊन इकडून तिकडं सरकतं, सांधा मध्यावर राहत नाही. आखूड पडलं तर ओठ चिमटतात. फार खाली लोंबलं तर जीभ बिटाच्या वर काढायची खोड लागते, ती मोडता मोडत नाही. आणि या सगळ्याआधी डॉक्टरला तोंड दाखवायचं. दाढांच्या पुढं बारका वुल्फ टूथ असला, तर बिट त्यावर आपटतं आणि तुम्ही म्हणता घोडं हट्टी आहे.

मालक : माप आणि दात, दोन्ही मान्य. पण सांध्याचा प्रश्न असा झटकू नका. एका सांध्याच्या बिटाची दोन्ही टोकं एकदम ओढली, की ते मिटतं आणि जिभेला दोन्ही बाजूंनी आवळतं. मधे मणी असला की तो कोन बोथट होतो, दाब पसरतो. जाडीचंही तसंच. जाड बिट म्हणजे मऊ बिट, असं पिढ्यान् पिढ्या सांगत आले. दाब जास्त जागेवर पसरतो हे खरं, पण आत जागाच नसेल तर? मिटलेल्या तोंडात जीभ आणि टाळू यांच्यामध्ये मोकळी जागा जवळजवळ नसते. बोटभर जाडीचं बिट घातलं तर ते जीभ चेपूनच बसणार. कोवळ्या तोंडाला जाड बिट देणारा माणूस दया म्हणूनच ते देतो आणि नेमकी त्या दयेचीच अडचण होते. दोन सांध्यांचीही सगळी बिटं सारखी नाहीत. डॉक्टर ब्रिस्टल नावाच्या बिटात मधे मण्याऐवजी तिरकी चपटी पट्टी असते, तिची कड जिभेत रुतते. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेली असतात आणि दिसायला भावंडं वाटतात. तेव्हा कुंपणाच्या आत सगळं सारखंच, हे कसं मानू?

वस्ताद : तुमच्या चित्रात घोड्याचं तोंड स्थिर आहे. हाड इथं, जीभ तिथं, बिट मधे. जिवंत घोडं असं तोंड देऊन उभं राहत नाही. ते जीभ मागं ओढतं, बिट उचलून धरतं, कधी दाढांत पकडतं. शिंगराच्या तोंडाकडं अर्धा तास नुसतं बघत बसा, बिट एका जागी दिसणार नाही.

मालक : याला पुरावाही आहे. हिलरी क्लेटन या पशुवैद्यक संशोधकांनी १९८० च्या दशकात एक्स-रेच्या हलत्या चित्रांत हे पाहिलं. घोडं जिभेच्या जोरावर बिट स्वतः हलवतं, त्याची जागा बदलतं. पण यातून तुम्ही काढता तो निष्कर्ष मला काढता येत नाही. घोडं बिटाशी एवढी झटापट करतं, ती कशासाठी? टोचणारी गोष्ट टोचणार नाही अशा जागी न्यायची म्हणून. हे त्याचं मतच झालं की.

वस्ताद : मत आहे, पण प्रत्येक घोड्याचं वेगळं. दोन सांध्यांचं बिट फार हलतं म्हणून काही शिंगरं त्याच्याशी सारखी चाळा करत राहतात. त्यांना बिनसांध्याची, जरा बाक दिलेली पट्टी बरी वाटते. ती तोंडात गप्प बसते. काही जुने लोक मधे तीन चाव्या लोंबणारं बिट द्यायचे. शिंगरू चाव्यांशी खेळतं, लाळ सुटते, तोंड ओलं राहतं. पण खेळायचीच सवय लागली तर पुढं स्वाराचं ऐकायला जीभ मोकळी राहत नाही. वळायला अडून बसणाऱ्या शिंगराला दोन्ही बाजूंना लांब काडी असलेलं स्नॅफल उपयोगी. ती काडी गालावर दाबून बाजू सांगते, बिट तोंडातून आरपार ओढलं जात नाही. म्हणून पहिलं बिट कोणतं, याला माझ्याकडं एका नावाचं उत्तर नाही. मी गुळगुळीत, मध्यम जाडीचं स्नॅफल घेतो, गूळ चोळतो, थंडीत हातात धरून कोमट करतो आणि रास न लावता नुसतं म्होरकीखाली घालतो. थोडा थोडा वेळ, रोज. दाणा खाऊन झाल्यावर. आठवडाभरात घोडंच सांगतं.

मालक : घोडं सांगतं, यावरच माझा पुढचा आक्षेप आहे. पण आधी बिनबिटाचं बोलू. फिनलंडमध्ये गाडीच्या शर्यतीत धावलेल्या २६१ ट्रॉटर घोड्यांची तोंडं शर्यतीनंतर तपासली. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ८४ टक्के घोड्यांच्या तोंडात, बिट बसतं त्याच भागात, ताज्या जखमा होत्या. बहुतेकांत बाहेरून काही दिसत नव्हतं. मग तीन वर्षांच्या तोंडात हे घालायची घाई का? कॅलिफोर्नियाच्या जुन्या व्हाकेरो गुराख्यांची रीत बघा. ते कोवळ्या घोड्याला आधी कच्च्या चामड्याच्या विणलेल्या नाकपट्टीवर शिकवत, एक-दोन वर्षं. मग नाकपट्टी आणि बिट दोन्ही, पण रास मुख्यतः नाकाची. दात जुळल्यावर, म्हणजे पाच वर्षांच्या पुढं, नुसतं बिट. दात कुरकुरत असताना तोंडाला हात लावायचा नाही, हे त्यांना कुठल्याही अभ्यासाशिवाय कळलं होतं.

वस्ताद : शर्यतीतल्या घोड्याचा आकडा शिंगराच्या पहिल्या धड्याला लावू नका. तिथं गाडीत बसलेला माणूस घोड्याला पूर्ण वेगात दोन रासांवर धरून असतो. त्या तोंडाची दशा बिटानं केली की कामानं, हे आधी वेगळं करा. दुसरं, बिनबिटाचा लगाम म्हणजे बिनदाबाचा लगाम नव्हे. नाकाचं हाड खाली खाली पातळ होत जातं, त्याच्या टोकापुढं नुसती कुर्ची. पट्टी दोन बोटं खाली बसली की श्वासाच्या वाटेवर दाब येतो. नाकपट्टीला दांड्या जोडलेला लगामही लोक बिनबिटाचा म्हणून विकतात आणि त्याचा जोर दांडीच्या बिटाएवढाच. तिसरं, तुमच्या व्हाकेरो लोकांनी शेवटी घोड्याला कोणतं बिट दिलं ते का गाळलंत? तोंडात टाळूकडं उभी पळी असलेलं स्पेड बिट. दिसायला याहून भयंकर बिट नसेल.

मालक : नाही गाळत. उलट तेच माझ्या बाजूचं आहे. ते भयंकर बिट सैल राशीवर, बोटाच्या हालचालीवर चालायचं, कारण आधीची वर्षं नाकावर खर्ची घातली होती. तोंड कोरं राहिलं म्हणून शेवटी ते इतकं हलकं राहिलं. झेनोफनची रीत नेमकी उलटी. इसवीसनपूर्व चौथ्या शतकातला हा ग्रीक सेनानी. घोडेस्वारीवरच्या ग्रंथात तो दोन बिटं बाळगायला सांगतो, एक गुळगुळीत आणि एक टोकदार. टोकदारानं शिकलेलं घोडं गुळगुळीत मिळाल्यावर सुखावतं आणि त्यावरही ऐकतं, असा त्याचा हिशेब. म्हणजे आधी धाक दाखवायचा आणि मग धाक थांबवणं हीच मेहेरबानी. आपल्याकडचं बरंचसं शिक्षण अजून याच हिशेबानं चालतं.

वस्ताद : माझं तसं नाही, हे तुम्ही जाणता. पण मला तुमच्या रस्त्याची काळजी आहे. हे काठियावाडी घोडं उद्या कुठं जाणार? आज तुमच्या शेतावर आहे. दोन वर्षांनी तुम्ही विकाल, सारंगखेड्याच्या यात्रेत कुणीतरी घेईल. त्याला बिनबिटाचा लगाम ठाऊक नसेल. पहिल्याच दिवशी तो जे हाताशी येईल ते तोंडात घालील आणि ट्रकच्या हॉर्नसमोर दोन्ही हातांनी ओढील. ज्या घोड्याला बिट म्हणजे काय हे शांतपणे, सैल हातात शिकवलेलं असतं, ते अशा हातातही थोडं सावरतं. ज्याला शिकवलेलंच नाही, ते पहिला धडा त्या ओढाताणीतच घेईल आणि मग उधळेल. स्वार पडला की दोष घोड्याचा. असलं घोडं पुढं कुठं जातं, तुम्हाला सांगायला नको. आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या चालींच्या स्पर्धेत, अजून बिनबिटाला मुभा नाही, उडीच्या स्पर्धेत आहे. म्हणजे खेळाच्या जगातही त्याची अर्धी दारं बंद. त्याची किंमत, त्याचं आयुष्य यावर ठरतं.

मालक : म्हणजे पुढचा माणूस वाईट निघेल म्हणून आजच त्याचं तोंड तयार करायचं? हे तर्कशास्त्र मला घाबरवतं. यावर कोणतीही कठोर गोष्ट खपवता येते. आता माझा राहिलेला आक्षेप. तुम्ही म्हणता घोडंच सांगतं. पण तुम्ही ऐकता काय? गप्प तोंड. शिंगरू गप्प झालं की तुम्ही म्हणता, पटलं त्याला. दोन प्रकारचं गप्प असतं. एक, काही खुपत नाही म्हणून. दुसरं, सांगून उपयोग नाही म्हणून. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. फिनलंडची घोडीही धावत होतीच.

वस्ताद : हा घाव बसला. यावर माझ्याकडं पुरतं उत्तर नाही, थोडं आहे. समाधानी तोंड पूर्ण गप्प नसतं. ते हळूच चघळतं, ओठ ओले असतात, कान हलतात, डोळा मऊ असतो. हार मानलेलं घोडं दगडासारखं गप्प असतं, नाकपुडीच्या वर सुरकुती धरून. एवढा फरक मला दिसतो, असं मी आजवर धरून चाललो. दिसतोच याची हमी देत नाही. पण मी एक नेम पाळतो. शिंगराच्या तोंडावर आवळलेली नाकपट्टी बांधू देत नाही. पट्टी आणि नाकाच्या हाडामध्ये दोन बोटं आरामात जायला हवीत. तोंड वासतं म्हणून लोक पट्टी आवळतात. पण वासणं म्हणजे घोड्याची तक्रार. पट्टी आवळली की तक्रार संपते, दुखणं राहतंच. तोंड मोकळं ठेवलं तर मला निदान चूक कळते.

मालक : मग पहिल्या बिटाची कसोटी यातच आहे. ज्यात घोड्याला तक्रार करता येईल आणि ज्याची तक्रार आपण पट्टीनं, दांडीनं किंवा जोरानं दाबणार नाही, ते बिट. सर्वांत कमी दुखवणारं, सर्वांत वाईट हातातही.

वस्ताद : पहिला भाग मान्य, दुसऱ्यावर थांबा. सर्वांत कमी दुखवणारं म्हणून लोक रबराचं जाड बिट आणतात. कोरड्या तोंडात रबर चिकटतं, घासतं, शिंगरू ते चावून तुकडाही पाडतं. पण त्याहून वाईट म्हणजे त्याचं बोलणं अस्पष्ट असतं. स्वार बोट हलवतो, घोड्याला काही कळत नाही. मग तो हात हलवतो, मग खांदा, मग सारखा ओढतच राहतो. घोडं त्या ओढण्यावर रेलायला शिकतं, तोंड मुरतं, मरतं. पुढं त्याच घोड्याला थांबवायला दांडीचं बिट येतं. स्पष्ट सांगणारं बिट एकदा बोलून गप्प बसू शकतं. बोथट बिटाला शंभरदा बोलावं लागतं. एकूण दाब कुणाचा जास्त? मऊपणा क्षणाचा मोजायचा की वर्षाचा, हे तुमच्या कसोटीत नाही.

मालक : नाही. मी वाईट क्षण मोजत होतो, तुम्ही सगळे क्षण मिळून मोजता. आणि दोन्ही हिशेबांत तेच बिट येईल असं नाही. माझ्या हिशेबात बोथट, मऊ, माफ करणारं. तुमच्या हिशेबात साधं पण स्पष्ट. जोवर रास तुमच्या हातात आहे तोवर तुमचा हिशेब बरोबर. रास माझ्या हातात आली की माझा. मग घोड्यासाठी बिट निवडतोय म्हणताना आपण स्वार निवडतोय.

वस्ताद : आणि वेळ निवडतोय. मला आता, तीन वर्षांवर, रास न लावता ओळख करून द्यायची आहे, म्हणजे पुढं घाई लागणार नाही. तुम्हाला दात जुळेपर्यंत थांबायचंय. तोवर नाकपट्टीवर काम कराल, पण त्या दोन वर्षांत तुमचा हात नाकावर ओढायला शिकला, तर पाचव्या वर्षी तोच हात तोंडावर येईल. तोंड कोरं राहील, पण हात शिकलेला असेलच असं नाही.

मालक : तसं माझ्या बाबतीत होऊ शकतं, मान्य. तसं तुमच्या बाबतीतही. डॉक्टर दात बघून जाऊ देत. हिरडी लाल असेल, टोपी सुटत असेल, तर बिट नाही, यावर वाद नको. हिरडी बरी असेल तर तुमचं स्नॅफल, रास न लावता. आणि रास लागेल तेव्हा आधी तुमच्या हातात, माझ्या नाही.

वस्ताद : माझ्या हातातसुद्धा एका अटीवर. वर बसलेल्याला मान दिसते, कान दिसतात, तोंड दिसत नाही. इतकी वर्षं मी राशीतून जे कळतं त्यालाच तोंड समजत आलो. तेव्हा मी वर असताना तुम्ही खाली उभं राहून तोंडाकडं बघायचं आणि तुम्ही वर असताना मी. जो खाली असेल त्यानं थांब म्हटलं की थांबायचं.

मालक : चालेल. पण खाली उभं राहणाऱ्याला काय दिसलं म्हणजे थांब म्हणायचं? तोंड वासलं तर मी म्हणेन. ते गप्प झालं तर तुम्ही म्हणाल का?

वस्ताद : गप्प होण्यावर मी अजून थांब म्हटलेलं नाही. म्हणायला हवं का, ते तुमचं बोलणं ऐकल्यावर मला नक्की सांगता येत नाही. आणि गप्प होण्यावर दरवेळी थांब म्हणत राहिलो, तर घोडं शिकलं कधी हेही कधी ठरणार नाही.